नाकाचे माप, काळजाची नोंद

मी आसेगावचा. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. माझे वडील दुसऱ्याच्या पऱ्हाटीत मजुरी करीत. पन्नाशी ओलांडली आणि त्यांना दम लागू लागला, पायांवर सूज चढली. कुणी करणी म्हणाले, कुणी दमा. १९८४ साली एका पहाटे ते गेले. त्यांचे काळीज कधी कुणी तपासलेच नाही. आमच्यासारख्यांच्या नाकांची मापे मात्र त्याच्या कितीतरी आधी घेऊन झाली होती!

हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ साली बंगालच्या जातीजमातींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. नाकाच्या मापावरून वंश ठरतो आणि सामाजिक दर्जा त्याच्याशी जुळतो, असा त्याचा सिद्धांत. विषमतेला अशी शरीरात मुळे देण्यात आली. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अशीच मापे हाती घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश एकच असल्याचे मांडले. त्याआधी १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठात, त्यांनी सांगितले होते की जातीचा गाभा जातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे. २०१३ साली जनुकांच्या अभ्यासातून याला दुजोरा मिळाला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी इथल्या लोकसमूहांत सरमिसळ झाली, पुढे ती थांबत गेली.

जनुक म्हणजे आईबापांकडून आलेली शरीरघडणीची लिखावट. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेतील कुमारसामी थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक बदल जगापुढे ठेवला. हृदयाच्या स्नायूचे एक प्रथिन घडविणाऱ्या जनुकातली २५ अक्षरे गळालेली असतात. भारतीयांपैकी सुमारे ४ टक्के लोकांत हा बदल आढळतो. अशांना हृदय निकामी होण्याचा धोका त्या अभ्यासात सुमारे ७ पट दिसला. त्रास बहुधा उतारवयात सुरू होतो. तोवर मुलेबाळे झालेली असतात, म्हणून हा वारसा पिढ्यान्‌पिढ्या टिकला. तो सुमारे ३३ हजार वर्षांचा आहे. तेव्हा जात नव्हती, गावकूस नव्हते. आज तो निरनिराळ्या भाषांच्या, जातींच्या माणसांत सापडतो.

माझ्या वडिलांच्या रक्तात तो होता का? कोण सांगणार!

मित्रहो, प्रश्न एका गावाचा नाही. २०१९ च्या एका पाहणीनुसार जगातल्या जनुकीय अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते; जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा १६ टक्के. ज्यांचे रक्त नोंदीतच नाही, त्यांच्या आजाराचे निदान कुणाच्या मापाने करायचे?

आम्हाला पायरी दाखवायची होती तेव्हा मोजले. जीव वाचवायची वेळ आली तेव्हा वगळले. म्हणून आता आमचीही नोंद झाली पाहिजे. ती आमच्या संमतीने आणि आमच्या उपचारासाठी व्हावी, जातीवर आजाराचा नवा शिक्का मारण्यासाठी नव्हे. आणि त्याही आधी, दम लागलेल्या मजुराच्या छातीला गावातच डॉक्टरची नळी लागली पाहिजे.