कोळसा काय घेतो, काय सोडतो

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं एक चित्र आपल्यापैकी अनेकांनी वहीत काढलं असेल. लाकडी तिवईवर एकावर एक ठेवलेली मडकी. एकात वाळू, एकात कोळसा आणि सगळ्यात खाली निवळलेलं पाणी. ‘कोळसा पाणी शुद्ध करतो’ हे वाक्य तेव्हा पाठ झालं ते कायमचंच. ते वाक्य अर्धंच आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही माशांमुळे.

अमरावतीला आमच्या घरी माशांची काचेची पेटी आहे. मुलाच्या हट्टापायी आणलेली. तिच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकची डबी, डबीत पांढरा कापूस आणि त्याखाली काळे दाणे. छोट्या पंपाची हवा पाणी खेचते आणि ते या दाण्यांतून फिरतं. एका हिवाळ्यात माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. मी निळं औषध आणून टाकलं. रात्री पेटी शाईच्या दौतीसारखी दिसत होती, सकाळी पाहतो तर पाणी आरशासारखं लख्ख! औषध माशांना लागू पडलं, असं मी घरात सांगूनही टाकलं. पुढच्या तीन दिवसांत दोन मासे गेले. दुकानदारानं एकच प्रश्न विचारला, ‘‘साहेब, औषध टाकताना कोळसा काढला होता का?’’

मी काढला नव्हता. सगळं औषध त्या काळ्या दाण्यांनीच पिऊन टाकलं होतं. मुलानं विचारलं, ‘‘बाबा, मग कोळसा चांगला की वाईट?’’ त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचू लागलो.

माझ्या पेटीत जे घडलं, तेच १७८५ मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गला एका औषधशाळेत घडलं होतं. टोबियास लोविट्झ नावाचा रसायनज्ञ टार्टारिक आम्लाचं द्रावण तयार करत होता. ते तपकिरी व्हायचं. कोळशाची पूड घातल्यावर रंग नाहीसा झाला. पुढे जहाजांवरच्या पिंपांत सडलेलं पाणीही कोळशानं पिण्याजोगं करता येतं, असं त्यानं मांडलं. कोळसा रंग आणि वास धरून ठेवतो, ही गोष्ट तेव्हापासून शास्त्राच्या दप्तरी जमा झाली.

कोळसा हे करतो कसा? त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात आणि त्यांच्या भिंतींना रंगाचे, वासाचे कण चिकटतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेको या शास्त्रज्ञानं प्रचंड उष्णता आणि वाफ यांच्या साहाय्यानं ही छिद्रं वाढवण्याच्या पद्धतींचे पेटंट घेतले. हाच ‘सक्रिय कोळसा’. त्याच्या एका ग्रॅममधल्या भिंती उलगडल्या तर ५०० चौरस मीटरहून जास्त जागा भरते. अमरावतीकरांना कबड्डीच्या मैदानाचं माप सांगायला नको. तशी तीन मैदानं चिमूटभर कोळशात मावतात!

पण मैदान कितीही मोठं असलं तरी ते भरतंच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात घरोघरी कोळशाची गाळणी आली. लोकांना वाटलं, आता आजार संपले. मग रोगजंतूंचा शोध लागला आणि १८९४ मध्ये वुडहेड आणि वुड या दोघांनी ही गाळणी तपासली. बहुतेकांतून जंतू खुशाल पार होत होते. पाणी दिसायला स्वच्छ होतं, चवीला चांगलं होतं, पण सुरक्षित नव्हतं.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्यानं क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्कीनं सक्रिय कोळशाचा मुखवटा तयार केला. पुढे अमेरिकेत मुखवट्यांसाठी नारळाच्या करवंट्या आणि पीच फळाच्या बिया गोळा करण्यात आल्या. गंमत पाहा, याच क्लोरीननं जंतू मारून नळाचं पाणी सुरक्षित केलं. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं, तेही क्लोरीन घालूनच. आपल्याला ते चालतं, माशांचे कल्ले मात्र होरपळतात. सैनिकाच्या मुखवट्यातला कोळसा आज माझ्या पेटीतल्या गोल्डफिशचं क्लोरीन अडवतो.

ही कथा मी दर्यापूरकडच्या माझ्या मामीला रंगवून सांगितली. तिचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. मामीनं विचारलं, ‘‘काऊन रे, त्या काळ्या दाण्यानं आमचं पानी गोड होईन काय?’’ मी मोठ्या ऐटीत तिच्या विहिरीचं पाणी दोनदा गाळून दिलं. तिनं घोट घेतला आणि म्हणाली, ‘‘मीठ तं जसंच्या तसंच आहे न बाप्पा!’’

शंभर पुस्तकांचं सार त्या घोटात होतं. विरघळलेलं मीठ कोळसा सोडून देतो. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनियाही तो जवळजवळ सोडूनच देतो. ते काम कापसावर वस्तीला आलेले उपयुक्त जीवाणू करतात. मीठ अडवायला पडदा लागतो. तसा कामाचा पडदा १९६० च्या सुमारास अमेरिकेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केला. आज गावोगावी दिसणारी ‘आरओ’ यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात. त्यांतही पडद्याआधी बहुधा कोळशाची नळी असते, कारण क्लोरीननं पडदा खराब होतो. म्हणजे ज्याला जे जमतं, ते त्याच्याकडे सोपवलेलं आहे.

आता माझ्या पेटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, कोळसा घातल्याच्या तारखेची. नवा दाणा आधी धुऊन घेतो, काळी भुकटी जाईपर्यंत. महिन्याभरानं तो बदलतो, कारण जुना कितीही धुतला तरी त्याची भरलेली छिद्रं रिकामी होत नाहीत. त्यासाठी भट्टीची धग लागते. कोळसा बदलतो त्या दिवशी कापूस बदलत नाही, जीवाणूंची वस्ती मोडू नये म्हणून. आणि औषध टाकायचं असलं की आधी कोळसा बाहेर.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही सापडलं. कोळसा चांगलाही नाही, वाईटही नाही. औषध कोणतं आणि विष कोणतं, हे त्याला कळत नाही. ते आपल्याला कळायला हवं. आणि लख्ख दिसणारं पाणी पाहिलं की अजूनही मला ते दोन मासे आठवतात.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)