बनियन आतला की बाहेरचा?

परवा नातू सुट्टीला आला होता. बाहेर रणरणतं ऊन. मी भाजी आणायला निघालो म्हणून बनियनवर सदरा चढवत होतो. हा टी-शर्ट आणि अर्ध्या चड्डीत पंख्याखाली आडवा. मला म्हणाला, "आजोबा, एवढ्या उकाड्यात एकावर एक दोन शर्ट कशाला?"

मी ठरलेलं उत्तर दिलं, "अरे, बनियन घाम टिपतो."

"मग तो घाम बनियनमुळेच येत असेल!"

पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस, पण त्या क्षणी निरुत्तर झालो खरा. भाजी आणली (कोथिंबीर विसरलो, त्याबद्दल हिची बोलणी खाल्ली), पण डोक्यातून बनियन काही जाईना. खरंच, आपण हा आतला कपडा का घालतो? आणि कधीपासून?

माझं बालपण भोरचं. बाजाराच्या दिवशी मावळातून माणसं यायची. धोतर, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी आणि अंगात मांजरपाटाची बंडी किंवा कोपरी. कोपरापर्यंत बाह्या म्हणून कोपरी. बंडीला आतून एक चोरखिसा असे, त्यात पैसे, तंबाखूची चंची, एखादा कचेरीचा कागद. या बंडीच्या आत काही नसे आणि वरही काही नसे. शेतात तर तीही काढून बांधावर ठेवायची, कारण कापड जपायचं असे. लग्नकार्य किंवा कोर्टकचेरी असली तर मात्र तिच्यावर सदरा नाहीतर कोट चढे. म्हणजे तीच बंडी बाजारात बाहेरचा कपडा आणि कचेरीत आतला!

आता गंमत बघा. 'बनियन' हा शब्द 'बनिया' म्हणजे वाणी यावरून आला. गुजराती व्यापाऱ्यांना युरोपियन लोक 'बनियन' म्हणत, आणि मग त्यांच्यासारख्या सैल सुती कपड्यालाही तेच नाव पडलं. सतराव्या-अठराव्या शतकात विलायतेतले श्रीमंत लोक घरात जो ऐसपैस झगा घालत, त्यालाही बनियनच म्हणत. पुढे हिंदुस्थानातल्या साहेबांनी हे नाव सदऱ्याच्या आतल्या कपड्याला दिलं. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याचं कारण दिलं आहे. हा कपडा मूळ मलमलीचा असे आणि इथल्या लोकांच्या अंगातल्या कपड्यासारखा दिसे, म्हणून हे नाव. म्हणजे आपला बाहेरचा कपडा साहेबाने आत घातला आणि तो 'आतला' होऊन आपल्याकडे परत आला. माहेरचीच मुलगी, पण सासरच्या रीती घेऊन आलेली!

आमच्या आजीच्या तोंडी मात्र बनियन नव्हता, 'गंजीफ्राक' होता. तो इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरून आला. तिथले कोळी लोकरीचा विणलेला अंगरखा घालत, तो 'गर्न्सी फ्रॉक'. आपल्याकडे लोकर गेली, सूत आलं आणि गर्न्सीची झाली गंजी. बिनबाह्यांचा तो 'सँडो'. यूजीन सँडो या पहिलवानाचं हे नाव. तो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात खेळ करून गेला होता. एका साध्या कपड्यात वाणी, कोळी आणि पहिलवान असे तिघे बसलेत!

पण नावं कळली म्हणून 'का' सुटत नाही. त्याचं उत्तर मला आमच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांत सापडलं.

वडील कारकून होते. १९४८ साली भोर संस्थान विलीन झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझा जन्म. वडिलांकडे कचेरीत घालायचे सदरे दोन. एक अंगावर, एक दोरीवर. आई नीरेच्या काठी धुणं धुवायची. दगडावर जितका आपटावा तितका सदरा लवकर विरतो. घाम बनियनने पिऊन टाकला की सदरा दोन-तीन दिवस चाले आणि आपटणं वाचे. कॉलर विरली की आई ती उसवून उलटी शिवायची. सदऱ्याला नीळ, इस्त्री असा सगळा मान. बनियनला काही नाही. भोकं पडून त्याची चाळण होईपर्यंत तो वापरायचा, मग त्याचं फडकं, आणि शेवटी पायपुसणं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी ही झाकली छाती!

म्हणजे बनियन अंगासाठी नव्हताच हो. तो सदऱ्यासाठी होता.

पुढे टेरिलीन आलं. न चुरगळणारं, रात्री धुतलं की सकाळी वाळणारं. साऱ्यांना त्याचं वेड. पण सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा सहज धरून ठेवतं, टेरिलीन अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम जायचा कुठे? शिवाय ते पातळ, आतलं सगळं दिसायचं. तेव्हा मात्र बनियन गरजेचा झाला, घामासाठीही आणि लाजेसाठीही.

आता जे सांगणार आहे ते आजवर घरातही फारसं बोललो नाही.

१९७५ साल. मी वेल्हे तालुक्यात (आता त्याला राजगड तालुका म्हणतात) गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एका शाळेत नवा मास्तर. पंधरा ऑगस्टला मुलांची कवायत बसवायची होती. गणवेश सगळ्यांकडे नव्हते. मला वाटलं, मी फार समजूतदार तोडगा काढला. वर्गात सांगितलं, "खाकी चड्डी आणि पांढरा बनियन घालून या. बनियन काय, सगळ्यांकडेच असतो!"

पुढच्या बाकावरचा एक मुलगा दुसऱ्या दिवसापासून येईना. चार दिवस आला नाही. मी हजेरीत फुली मारत गेलो आणि त्याला आळशी ठरवून मोकळा झालो. पंधरा ऑगस्टला सकाळी मात्र तो हजर. अंगात पांढरा बनियन, पण मोठ्या माणसाचा. खांदे दंडावर उतरलेले आणि खालचा काठ गुडघ्याला टेकलेला. मुलं हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

झेंडावंदन चाललं असताना तोरण्याकडून पाऊस आला. तिकडचा ऑगस्टमधला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, आला म्हणेपर्यंत चिंब. मैदानाच्या कडेला गावकरी उभे होते, बरेचसे घोंगडीची खोळ घेऊन. त्यांत त्याचे वडील होते. मुंबईला गिरणीत कामाला, रजेवर आलेले. अंगात नवा टेरिलीनचा शर्ट. तो भिजून अंगाला चिकटला आणि दिसलं, की आत काही नाही.

कवायत संपली तशी मी त्यांच्याकडे गेलो. काय बोलावं कळेना. तेच म्हणाले, "गुरुजी, पोरगं बरोबर केलं ना?" मी "हो, छान केलं" म्हणालो. बस्स. एवढंच बोलणं झालं.

गिरणीच्या सूतखात्यात धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत. शर्ट खुंटीला टांगून माणसं गंजीवर पाळी काढत. जो कपडा मी 'काय, सगळ्यांकडेच असतो' म्हटला होता, तो त्या माणसाचा कामाचा कपडा होता. शर्ट गावात दाखवायला, बनियन राबायला. त्यातला राबायचा त्याने पोराला दिला होता. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या खोऱ्यांतली कितीतरी माणसं कायमची परत आली. तेव्हा मला दर वेळी तो भिजलेला शर्ट आठवे. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी वर्गात 'सगळ्यांकडेच असतं' हे वाक्य कधी उच्चारलं नाही. विचारून घ्यायचं, तेही एकेकट्याला.

संध्याकाळी नातवाला हे सांगितलं. थोडा वेळ गप्प होता. मग मी म्हटलं, "आणि राजे, तू जो घालून हिंडतोस ना, तोही बनियनच!" खरंच आहे ते. अमेरिकन नौदलाने १९१३ च्या सुमारास गणवेशाच्या आत घालायला दिलेला अर्ध्या बाह्यांचा पांढरा बनियन म्हणजे टी-शर्ट. खलाशी उकाड्यात वरचा गणवेश काढून त्यावरच वावरू लागले. १९५१ च्या सिनेमात मार्लन ब्रँडोने तो घातला आणि पोरांनी उचलला. बाहेरचा आत गेला होता, तो पुन्हा बाहेर आला. बंडीवर बाजाराला येणारा मावळातला शेतकरी आणि टी-शर्टवर मॉलमध्ये जाणारा माझा नातू, दोघांची तऱ्हा एकच.

आता शर्टही कपाटात मावत नाहीत इतके झालेत, धुवायला यंत्र आहे. शर्ट जपायला आत दुसरा कपडा लागत नाही. म्हणून नव्या पिढीने बनियन सोडला तर त्यात काही वावगं नाही. मी मात्र घालतो. कुणी विचारलं तर अजूनही 'घाम टिपतो' असंच सांगतो. प्रत्येकाला एवढी मोठी गोष्ट कुठे सांगत बसणार?

असो. तुमच्या घरी याला काय म्हणत? बनियन, गंजी, गंजीफ्राक की बंडी? आठवत असेल तर जरूर कळवा.