प्याद्याला हत्ती करणारा पाद्री

आमच्या गल्लीत कुणाला एकदम मोठेपण मिळाले की अब्बा म्हणत, ‘‘प्याद्याचा वजीर झाला!’’ पटावरही आपण तेच करतो. प्यादे शेवटच्या घरात पोचले की डोळे झाकून वजीर मागतो. पण वजीर मागितला तर हातातला डाव निसटतो, अशीही एक जागा आहे. ती सापडली १८९५ सालच्या मे महिन्यात, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, तीही एका साप्ताहिकाच्या बुद्धिबळाच्या सदरात.

सदर लिहीत होते जॉर्ज एमिल बार्बिए. १८७५ साली पॉटर आणि फेंटन यांच्यात झालेल्या एका डावाच्या आठवणीवरून त्यांनी कोडे घातले. पांढऱ्याकडे राजा आणि एक प्यादे, काळ्याकडे राजा आणि हत्ती. काळ्याने डाव बरोबरीत सोडवायचा.

काळा हत्ती शहावर शह देत सुटतो. पांढरा राजा एकेक घर खाली उतरतो. शेवटी काळा राजा कोपऱ्यात, एक पट्टी सोडून पांढरा राजा आणि प्याद्याला एकच घर उरलेले. प्याद्याचा वजीर झाला की काळा हत्ती शह देऊन स्वतःच मरायला पुढे येतो. वजिराने त्याला मारावे, तर काळ्या राजाला शह नाही, पण हलायलाही जागा नाही. दोन घरे पांढऱ्या राजाने रोखलेली, तिसरे वजिराने, दुरून, तिरक्या नजरेने. डाव बरोबरीत! बार्बिए यांनी हेच उत्तर छापले.

ग्लासगोतच फर्नांडो साव्हेद्रा नावाचे स्पॅनिश पाद्री राहत. खेळाडू म्हणून बेताचेच. त्यांनी दाखवून दिले, की वजीर करू नका, हत्ती करा. हत्तीला तिरके दिसत नाही. त्याने काळा हत्ती मारला तरी काळ्या राजाला एक घर मोकळे राहते. राजा तिथे सरकला, की लगेच मात! काळ्याने हत्ती न देता तो कडेच्या पट्टीत आडवा घातला, तर पांढरा राजा एक पाऊल पुढे येतो. आता हत्ती वाचवावा की मात टाळावी? दोन्ही साधत नाही.

जाता जाता एक गंमत. आपल्या जुन्या देशी खेळात प्यादे ज्या घरात पोचे, त्या घरचे मोहरे होई. हे प्यादे पोचते उंटाच्या घरात. उंट घेऊन इथे जिंकणे नाही. आणि जुन्या शतरंजमध्ये प्याद्याचा फर्जीच होई. तो बिचारा तिरके एकच घर चाले. हवे ते मोहरे मागण्याची मुभा नसती, तर पाद्रीबुवांना ही चाल सुचूनही उपयोग नव्हता.

बार्बिए यांनी आपल्याच सदरात दुरुस्ती छापली. मीही वर्तमानपत्रांत लिहितो, ते किती जड जाते ते मला ठाऊक आहे. त्याच वर्षी ते वारले. साव्हेद्रा १९२२ साली गेले. ती जागा मात्र जगभर ‘साव्हेद्रा’ याच नावाने ओळखली जाते.