थोड्या बर्फाची भीती

स्वित्झर्लंडमधल्या आंडरमाट गावाच्या डोक्यावर, उतारावर एक जुनं जंगल आहे. 1397 साली उर्सेरन खोऱ्यातल्या लोकांनी लेखी फर्मान काढून त्या जंगलातलं लाकूड तोडायला बंदी घातली. वरून सुटणारा बर्फ अडवायला त्या झाडांखेरीज गावाकडे दुसरं काहीही नव्हतं. पुढची पाचशे वर्षं आल्प्समधलं हिमस्खलनाविषयीचं शहाणपण याच वळणाचं राहिलं: बर्फ कोणत्या घळीतून येतो, कुठवर पोचतो, किती पडला की सुटतो. वनाधिकारी योहान कोआत्स यांनी या वाटांची पद्धतशीर नोंद सुरू केली आणि 1881 मध्ये स्विस आल्प्समधल्या हिमस्खलनांवर पुस्तक प्रसिद्ध केलं, तेही जंगल, वस्ती आणि रस्ता डोळ्यांसमोर ठेवून. पहिल्या महायुद्धात डोलोमाइट्सच्या आघाडीवर दोन्ही बाजूंचे हजारो सैनिक बर्फाखाली गेले. 13 डिसेंबर 1916 ला मार्मोलाडाच्या कुशीतल्या ऑस्ट्रियन छावणीवर कोसळलेल्या एकाच लोंढ्यानं अडीचशेहून अधिक माणसं मारली, आणि त्याआधी बर्फ अतोनात पडला होता. 1950-51 च्या हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये 98 जण गेले, तेव्हाही कारण तेच. या सगळ्या इतिहासानं डोंगरातल्या माणसाच्या मनावर एकच धडा कोरला: खूप बर्फ पडला की घाबरायचं.

खेड्यासाठी हा धडा बरोबर आहे. स्कीपटूसाठी तो अपुरा आहे, आणि हंगामाच्या सुरुवातीला तर फसवा. घरावर येणारा बर्फ आपल्याच वजनानं सुटतो. आखलेल्या, राखलेल्या उतारांपलीकडे जाणारा स्कीपटू मात्र बहुतेक वेळा स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनानं थर मोडतो आणि त्याच थराबरोबर खाली जातो. त्यासाठी वादळ लागत नाही. तीस अंशांहून अधिक उतार, वर एकसंध घट्ट थर आणि त्याखाली एक कच्चा थर एवढं पुरतं. हा कच्चा थर पुष्कळदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बर्फ अगदी थोडा असताना तयार झालेला असतो.

कसा, ते आकड्यांतून नीट दिसतं. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास राहतं. निरभ्र रात्री पृष्ठभाग उणे 16 अंशांपर्यंत उतरला आणि बर्फ 40 सेंटीमीटर असला, तर दर मीटरला 40 अंशांचा फरक पडतो. तीच रात्र, तीच थंडी, पण बर्फ दोन मीटर असेल तर फरक मीटरमागे फक्त आठ अंश. साधारण दहा अंशांच्या वर गेलं की खालच्या दाण्यांतली वाफ वर सरकते, थंड दाण्यांवर पुन्हा गोठते, आणि जुने दाणे विरून त्यांच्या जागी टोकदार, पैलू पडलेले, पुढे पुढे तर पोकळ पेल्यासारखे स्फटिक वाढतात. त्यांची एकमेकांत पकड नसते. ओंजळीत घेतले तर साखरेसारखे बोटांतून गळतात. म्हणजे बर्फ जितका पातळ तितका हा बिघाड जलद. उत्तरेकडच्या सावलीच्या उतारांवर ऑक्टोबरचा बर्फ वितळत नाही, पण तगतो तो असा नासून. मग डिसेंबरचा मोठा हिमवर्षाव त्याच्यावर येऊन बसतो आणि वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं.

हे ज्ञान आभाळाकडे बघून मिळालं नाही, खाली खणून मिळालं. जर्मन भूशास्त्रज्ञ आणि स्कीइंगच्या पहिल्या पिढीतले विल्हेल्म पाउल्के यांनी बर्फाच्या भिंती कापून तळच्या त्या सुट्या थराकडे बोट दाखवलं. 1931 मध्ये स्विस सरकारनं हिम आणि हिमस्खलन संशोधनासाठी आयोग नेमला, आणि 1936 मध्ये दावोसच्या वर, वाइसफ्लुयोखला एका लाकडी खोपटात प्रयोगशाळा सुरू झाली. तिथं जमलेली माणसं वेगवेगळ्या विद्यांची होती. रॉबर्ट हेफेली मातीच्या यंत्रशास्त्रातले अभियंते, हेन्री बाडर खनिजशास्त्रज्ञ. हेफेलींनी शंकूच्या टोकाची एक सळई बनवली. तिच्यावर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून आदळायचं आणि प्रत्येक ठोक्याला ती किती रुतते ते मोजायचं. घट्ट थरात ती अडते आणि तळच्या कच्च्या थरात पोचली की एका ठोक्यात झपकन खाली जाते. 1939 मध्ये या मंडळींनी बर्फाच्या रूपांतरावर संयुक्त ग्रंथ काढला. बर्फ पडल्यावर तसाच राहत नाही, खाली पडून रोज बदलतो, ही गोष्ट त्या ग्रंथानं मोजमापासह मांडली. मला हा संशोधनाच्या इतिहासातला फार मोठा क्षण वाटतो, कारण त्यानंतर ‘किती बर्फ पडला’ हा प्रश्न ‘कोणत्या बर्फावर पडला’ या प्रश्नाशिवाय अर्धाच राहिला.

यावर पहिला आक्षेप साधा आहे: हंगामाच्या सुरुवातीला बर्फच कमी, तर स्खलन कितीसं मोठं होणार? हे बऱ्याचदा खरं असतं. पण गाडलं जाण्यासाठी डोंगरभर बर्फ लागत नाही. घळीच्या तळाशी साचलेला लहानसा ढीग पुरतो, आणि तेव्हा दगड, ओंडके झाकलेले नसल्यामुळे फरफटत जाणाऱ्याला मार जास्त बसतो. शिवाय स्कीपटूच्या वजनाचा दाब खोलीबरोबर वेगानं कमी होतो. म्हणून वरचा थर अर्ध्या मीटरचा असताना कच्च्या थरापर्यंत तो सहज पोचतो, दोन मीटरचा झाल्यावर क्वचितच. थोडा बर्फ हा थर घडवतोही आणि त्याला माणसाच्या वजनाच्या आवाक्यातही ठेवतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, आणि तो घेणारा माणूसही तसाच. स्विस पर्वत-मार्गदर्शक वेर्नर मुन्टर यांनी आधी खड्डे खणून करायच्या चाचण्यांचा पुरस्कार केला, आणि नंतर तोच सोडला. उतारावर थराची ताकद दर काही पावलांवर बदलते, मग एका खड्ड्यावरून साऱ्या उताराचा निवाडा कसा करायचा, असा त्यांचा सवाल होता. 1990 च्या दशकात त्यांनी धोक्याची जाहीर पातळी, उताराचा कोन आणि दिशा यांवरून जोखीम काढायची रीत दिली. तिनं अनेकांना वेळेवर माघारी वळवलं असेल, आणि एका खड्ड्यात ‘ठीक’ दिसलं म्हणून उतार ठीक मानू नये हेही निर्विवाद. पण त्या हिशेबातला पहिलाच आकडा, धोक्याची पातळी, येतो कुठून? ठिकठिकाणच्या निरीक्षकांच्या नोंदींतून, आणि त्या नोंदींत खणलेले खड्डे असतातच. 1993 पासून युरोपभर वापरात असलेली पाच पातळ्यांची मोजपट्टी नव्या बर्फाचा तीन आणि जुन्या कच्च्या थराचा तीन यांना एकच अंक देते. पहिला प्रकार बहुतेकदा काही दिवसांत निवळतो. दुसरा आठवडे, कधी महिने टिकतो. हा फरक अंकात नसतो, सोबतच्या मजकुरात असतो. खड्ड्याचं खरं काम उताराला पास-नापास करणं नाही, तळात काय दडलंय ते सांगणं आहे.

तिसरा आक्षेप अमेरिकेतून आला. इयान मॅकॅमन यांनी 1972 ते 2003 मधल्या शेकडो अपघातांच्या नोंदी तपासून दाखवलं की धोक्याची चिन्हं समोर असतानाही लोक पुढे गेले: ओळखीचा उतार, जाणत्या माणसावरचा भरवसा, अस्पर्शित बर्फ पहिल्यांदा गाठायची ओढ. मग दोष मनाचा, बर्फाचा अभ्यास कशाला? मला वाटतं, मॅकॅमन यांच्या निष्कर्षांनी उलट सुरुवातीच्या हंगामाची बाजूच बळकट होते. महिनोन्‌महिने वाट पाहून आलेल्या पहिल्या बर्फाची ओढ सर्वांत जास्त असते, आणि त्याच वेळी पृष्ठभागावर चिन्ह सर्वांत कमी असतं. कधी पायाखाली थर बसल्याचा ‘धप्प’ असा दबका आवाज येतो, कधी तोही नाही. मनाला सावध करायला आधी माहिती हाताशी हवी.

हे केवळ आल्प्सचं प्रकरण नाही. मनालीला 1969 मध्ये हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था सुरू झाली, ती मुख्यतः सैन्याच्या रस्त्यांसाठी आणि चौक्यांसाठी. हिमालयाच्या रांगा एकसारख्या नाहीत, हे तिथल्या संशोधकांनी मांडलं. पीर पंजालमध्ये ओलसर, भरपूर बर्फ येतो. काराकोरमकडे हवा कोरडी, थंडी कडक आणि बर्फ तुलनेनं पातळ, म्हणून तळचा सुटा थर तिकडे अधिक. गुलमर्गला जाणाऱ्या मराठी स्कीपटूंनी आणि त्याहून वर, आत जाणाऱ्या गिर्यारोहकांनी हा भेद जाणून घ्यायला हवा. काल किती बर्फ पडला ते हवामानाचा अंदाज सांगतो. दोन महिन्यांपूर्वी पडलेल्या बोटभर बर्फाचं पुढे काय झालं, ते तिथं रोज नोंदी ठेवणाऱ्यालाच विचारावं लागतं. वाइसफ्लुयोखच्या मोजणी-पटांगणात 1936 पासून हीच नोंद चालू आहे, आणि ती पहिला बर्फ टिकला की सुरू होते, पहिल्या मोठ्या वादळाची वाट पाहत नाही.