नेमगिरी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील डोंगर व दिगंबर जैन तीर्थक्षेत्र. परभणीहून सुमारे 45 किमी., जिंतूर गावापासून सुमारे 3 किमी. शेजारच्या डोंगराला चंद्रगिरी म्हणतात. जिंतूरचे जुने नाव जैनपूर होते, असे परिसरात सांगितले जाते.

गोदाकाठच्या काळ्याभोर सपाट रानातून येणाऱ्याला जिंतूरजवळ जमीन उठू लागलेली जाणवते. डोंगर काळ्या बेसाल्टचा आहे. चढ फार नाही. पण दगड सुटे, सावली विरळ, आणि पावसाळा सरला की वाळलेल्या गवताची कुसळे पायजम्यात अशी शिरतात की खाली उतरल्यावर एकेक उपसून काढावी लागतात. हिवाळ्यातली पहाट ही इथे येण्याची खरी वेळ. उन्हाळ्यात मराठवाड्याचे ऊन दहाच्या आतच खडक तापवते.

डोंगरावर जमिनीखाली उतरणाऱ्या सात गुहा आहेत. दारे इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. बाहेरच्या लख्ख उजेडातून आलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. मग अंधारातून बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची पद्मासनातील भव्य मूर्ती हळूहळू उमटते. डोंगराचे नाव त्यांच्यावरूनच पडले. एवढी मूर्ती या दारातून आत आली कशी, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. शांतिनाथ व बाहुबली यांच्याही मूर्ती आहेत. पार्श्वनाथांची मूर्ती एका लहानशा दगडावर तोललेली असल्याने तिला ‘अंतरिक्ष’ म्हणतात. वाशिम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची इथे आठवण होते. दर्शन आटोपून लगेच परतणारे पुष्कळ. त्यांनी निदान तासभर बाहेरच्या खडकावर बसावे.

भोवतीचे रान बोरी-बाभळी, तरवड, सीताफळ अशा काटक झाडाझुडपांचे. अशा माळरानात तितर, होला, बुलबुल, वेडा राघू, कोतवाल, खाटिक यांचा वावर असतो. चीरक मात्र जवळून पाहावा. काळाभोर नर दगडावर टेकतो, शेपटी उभारतो, आणि तिच्याखालचा तांबूस रंग क्षणभर चमकतो. उडताना पंखावरचा पांढरा पट्टा दिसतो. त्याला आवाज करून उठवू नये. तो आपणहून दगड बदलतो.

पाणपक्ष्यांसाठी येलदरी धरण गाठावे. जिंतूरपासून ते सुमारे 15 किमी. आहे. ते पूर्णा नदीवर असून तेथील जलविद्युत केंद्राची क्षमता 22.5 मेगावॉट आहे. ही पूर्णा गोदावरीला मिळणारी. विदर्भातून तापीला जाणारी पूर्णा वेगळी. हिवाळ्यात उथळ काठावर चक्रवाकांच्या जोड्या दिसू शकतात. इतिहासाची ओढ असलेल्याने याच तालुक्यातील चारठाणा चुकवू नये. तेथे यादवकालीन मंदिरांचे अवशेष व कोरीव स्तंभ आहेत.

हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. डोंगर तीर्थक्षेत्र असल्याने गुहेपाशी पादत्राणे काढावीत, खाण्याचे कागद परत न्यावेत आणि दुर्बीण बाहेरच्या रानासाठी ठेवावी.