धावणाऱ्याची कंबर : फळीवरून पुन्हा रस्त्यावर

यावेळचं पत्र निलगिरीतून, कुन्नूरला लागून असलेल्या वेलिंग्टन छावणीतून. सहा हजार फुटांच्या आसपासची उंची, दोन्ही बाजूंना चहाचे मळे आणि सपाट रस्ता म्हणाल तर शंभर पावलांचाही नाही. असईला १८०३ मध्ये मराठ्यांशी लढलेला वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच्याच नावाची ही छावणी. आज मात्र लढाईवर लिहायचं नाही. आज विषय कंबरेचा आहे.

गेल्या वर्षी एका रविवारी पहाटे बारा किलोमीटरची फेरी संपवत आणली होती. शेवटचा उतार राहिला होता. तिथं कंबरेत काहीतरी लचकलं, आपल्याकडे म्हणतात तशी उसण भरली. कसाबसा क्वार्टरवर पोचलो. साताऱ्याहून आईचा फोन आला, "फळीवर झोप, हलू नकोस." मी हुकूम पाळला. दहा दिवस फळी, गरम पाण्याची पिशवी आणि गोळ्या. अकराव्या दिवशी बूट घालायला वाकलो तर बूट पायात जाईना.

त्या दहा दिवसांत एक चेहरा सारखा डोळ्यांपुढे यायचा. पुष्कळ वर्षांपूर्वी राजस्थानात मी कंपनी कमांडर होतो. एक लान्स नाईक, खटाव तालुक्यातला, सिक रिपोर्टवर यायचा. "साहेब, पळताना कंबर धरते." एमआय रूममधून त्याच्या चिठ्ठीवर "मेडिसिन अँड ड्यूटी" लिहून यायचं, म्हणजे गोळी घ्या आणि कामावर जा. पोरगा अंगानं धडधाकट, जेवणात कमी नाही. बीपीईटी जवळ आली की याची कंबर दुखते, असा आमचा हिशेब. फॉल-इनमध्ये सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो होतो, "कंबर दुखते की मन दुखतं?" कंपनी हसली. त्यानंतर तो कधीच सिक रिपोर्टवर आला नाही. त्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

पडल्या पडल्या आणि नंतर लायब्ररीत बसून मी या दुखण्याचा इतिहास वाचायला घेतला. वाटलं होतं, इतकं जुनं दुखणं, उत्तरही जुनंच असणार. तसं नव्हतं.

१८६२ मध्ये इजिप्तमधल्या लक्सरला एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसानं एक पपायरस विकत घेतला. तो इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास लिहिलेला, त्याहूनही जुन्या मजकुराची नक्कल. त्यात जखमी माणसांची ४८ प्रकरणं डोक्यापासून खाली अशा क्रमानं आहेत. शेवटचं प्रकरण मणका लचकलेल्या माणसाचं. वैद्यानं त्याला पाय लांब करायला सांगावं. कळ आली म्हणून त्यानं लगेच पाय आखडून घेतला, तर दुखणं मणक्याचं समजावं. उपचार म्हणून त्याला उताणं निजवावं, आणि पुढं काय करावं ते सांगता सांगता वाक्य अर्ध्यातच तुटतं. नक्कल करणाऱ्याचा हात तिथं थांबला. कंबरदुखीवरचा जगातला इतका जुना लेख, आणि तो "निजवा" यावर संपतो.

आपल्याकडे सुश्रुतानं गृध्रसी सांगितली आहे. कंबरेपासून पायात उतरणारी कळ, जिला आज सायटिका म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. सुश्रुतानं खूण दिली आहे ती अशी, की रोग्याला पाय वर उचलता येत नाही. आज मिलिटरी हॉस्पिटलात डॉक्टर तुम्हाला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतात ना, तीच ही खूण. युरोपात ती तपासणी फ्रेंच वैद्य लासेग यांच्या नावानं चालते. प्रत्यक्षात ती लिहून ठेवली सर्बियाच्या लाझारेविच यांनी १८८० मध्ये आणि लासेग यांचा विद्यार्थी फोर्स्ट यानं १८८१ मध्ये. ओळखायचं कसं, हे माणसाला फार पूर्वी कळलं होतं. करायचं काय, इथंच घोळ होता.

एकोणिसाव्या शतकात त्या घोळाला शास्त्राचा गणवेश मिळाला. लंडनचे सर्जन जॉन हिल्टन यांनी विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्यानं दिली, १८६३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांचा आग्रह होता की विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ हवी. थॉमस स्प्लिंट हे नाव फौजेत कोणाला माहीत नाही? पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या कितीतरी जवानांचे प्राण त्या स्प्लिंटनं वाचवले. मोडलेल्या हाडाला स्थिर ठेवणं बरोबरच होतं. चूक झाली ती पुढं. मोडलेल्या मांडीचा नियम लचकलेल्या कंबरेला लावला गेला, आणि आईच्या तोंडी असलेली "फळीवर झोप" डॉक्टरांच्या तोंडी आली.

त्याच काळात दुसरी चूक जन्माला आली, अविश्वासाची. रेल्वे आली, अपघात होऊ लागले. बाहेरून धड दिसणारे प्रवासी पाठ दुखते म्हणून भरपाई मागू लागले. १८६६ मध्ये एरिकसन या सर्जननं त्यावर व्याख्यानं छापली, आणि "रेल्वे स्पाइन" हा शब्द कोर्टात गाजला. एक बाजू म्हणे मज्जारज्जूला इजा आहे, दुसरी म्हणे धक्का मनाला बसलाय किंवा हे सरळ ढोंग आहे. जखम दिसत नाही, म्हणजे माणूस खोटा. हे वाचताना मला फॉल-इनमधलं माझं वाक्य आठवलं. माझ्या तोंडून त्या दिवशी १८६६ सालच बोललं होतं.

१९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं की मणक्यांमधली चकती फाटून नसेवर दाबली जाते आणि पायात कळ जाते. "गादी सरकली" हा आपला शब्द तिथून आला. मोठा शोध होता. पण त्यानंतर प्रत्येक कंबरदुखीत लोक गादीच शोधू लागले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचीच गोष्ट घ्या. कंबर आधीच नाजूक, त्यात दुसऱ्या महायुद्धात त्यांची बोट फुटली. १९४४ मध्ये शस्त्रक्रिया, १९५४ मध्ये पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, तिच्यात जंतुसंसर्ग होऊन जिवावर बेतलं. कंबरेला पट्टा कायमचा. १९६१ च्या ऑक्टोबरात हान्स क्राउस नावाचे डॉक्टर, स्वतः कसलेले गिर्यारोहक, त्यांच्याकडे येऊ लागले. त्यांनी चाकू काढला नाही. आठवड्यातून तीन वेळा व्यायाम सुरू केला, आणि केनेडींना त्याचा गुण आला.

आता दुसऱ्या वेलिंग्टनची गोष्ट. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये १९५६ साली रॉबिन मॅकेंझी या फिजिओकडे एक रोगी आला, कंबरेची कळ पायात उतरलेली. मॅकेंझींनी त्याला टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. टेबलाचं डोक्याकडचं टोक आधीच्या रोग्यासाठी वर केलेलं, ते तसंच राहिलं होतं. बिचारा कंबरेतून मागं वाकलेल्या अवस्थेत काही मिनिटं पडून राहिला. मॅकेंझी आले आणि घाबरले. रोगी म्हणाला, पायातली कळ गेली! त्या चुकीतून एक उपचारपद्धती उभी राहिली. आपल्या तालमीत दंड मारताना छाती वर उचलतो, सूर्यनमस्कारात भुजंगासन येतं, तीच ही जात. मात्र ते प्रत्येक कंबरेला मानवेल असं नाही. कळ पायात आणखी खाली उतरली तर थांबायचं.

फळीचा निकाल लागायला १९८६ उजाडलं. अमेरिकेत डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन दिवस पडून राहायला सांगितलं, दुसऱ्याला सात. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी, आणि बाकी बरं होण्यात फरक नाही. १९९५ मध्ये हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर आणखी एक चाचणी झाली. काही पडून राहिले, काहींनी कंबरेचे व्यायाम केले, काही झेपेल तसं रोजचं काम करत राहिले. सगळ्यात लवकर सुधारले ते हे शेवटचे. दोन चाचण्यांच्या मध्ये, १९९४ मध्ये, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या ५२ टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली निघाली. म्हणजे रिपोर्टात "बल्ज" दिसला की आयुष्य संपलं, असं मानायचं कारण नाही.

मग धावणाऱ्याची कंबर दुखते कशानं? माझंच बघा. दिवसभर खुर्चीत, टेबलावर वाकून. स्वीडनचे नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीत सुई घालून दाब मोजला होता. पुढं वाकून बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. सहा दिवस असं बसायचं, सातव्या दिवशी एकदम बारा किलोमीटर, तेही उतारावर. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीकडून परत येतो. उतारावर पाऊल लांब पडतं, टाच पुढं आदळते, आपण स्वतःला ब्रेक लावत असतो. नितंबांचे स्नायू थकले की तो भार कंबर उचलते. पाठीवर पिट्ठू असेल तर अंग पुढं झुकतं आणि कंबरेला सुट्टीच मिळत नाही. दोष धावण्याचा नव्हता. अंगाची तयारी आणि भार यांचा हिशेब चुकला होता.

धावल्यानं चकती झिजते हीही जुनी समजूत. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात २५ ते ३५ वयाच्या ७९ जणांच्या चकत्या तपासल्या, तेव्हा वर्षानुवर्षं धावणाऱ्यांच्या चकत्यांत न धावणाऱ्यांपेक्षा पाण्याचं प्रमाण चांगलं आढळलं. धावण्यामुळेच तसं झालं हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण धावणं चकतीचं वैरी नाही एवढं म्हणता येतं.

इथल्या फिजिओनं मला पहिल्याच दिवशी फळीवरून उठवलं. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चालायचं. पालथं झोपून हातांवर छाती उचलायची. उताणं झोपून गुडघे मोडून नितंब वर उचलायचे. खुर्चीतून अर्ध्या तासानं उठायचं. तिसऱ्या आठवड्यात एक मिनिट पळ, चार मिनिटं चाल. पावलं आखूड आणि भराभर. उतार सहा आठवडे बंद, पिट्ठू सगळ्यात शेवटी. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नको. चौथ्या महिन्यात मी ती बारा किलोमीटरची फेरी पुन्हा पूर्ण केली. हा माझ्या कंबरेचा हिशेब आहे, तुमचा तुमच्या डॉक्टरकडून करून घ्या.

एक गोष्ट मात्र तोंडपाठ करा. पायातली ताकद गेली, पंजा उचलेना, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी-संडासवर ताबा राहिला नाही, किंवा कंबरदुखीबरोबर ताप आला, तर व्यायाम नाही आणि फळीही नाही. त्याच घटकेला हॉस्पिटल.

हे मला त्या लान्स नाईकानं शिकवलं. त्या फॉल-इननंतर तो गोळ्या खाऊन पळत राहिला. पिंडरी बधिर होत होती, पंजा घासत होता, पण तो बोलला नाही. बीपीईटीत नऊ फुटी खड्ड्यावरून उडी मारून पलीकडे पडला तो उठलाच नाही. शस्त्रक्रिया झाली, पंजा पूर्ण सुधारला नाही. लो मेडिकल कॅटेगरी, मग स्टोअरची ड्यूटी, आणि पुढं लवकर घरी. आम्ही त्याला दोन वेळा हॉस्पिटलात भेटलो, मिठाई दिली. माझ्या वाक्याबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता.

पहिल्यांदा बारा किलोमीटर पूर्ण केले त्या संध्याकाळी त्याचा नंबर मिळवला आणि फोन केला. तो गावाकडे भरतीच्या पोरांना तयार करतो. पहाटे सोळाशे मीटर पळवून घेतो, स्वतः सायकलवरून. मी म्हणालो, "त्या दिवशी फॉल-इनमध्ये मी चुकलो होतो. माफ कर." पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाला, "साहेब, आता माझ्याकडं पोरगं कंबर धरून आलं तर मी त्याला हसत नाही. आधी पंजा उचलायला लावतो."

पंजा उचलला गेला तर चालायला लावतो, नाही उचलला तर गाडीत घालून तालुक्याला नेतो.

कंपनी चालवणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनो, उद्या सिक रिपोर्टवर असा कोणी आला तर एवढं कराच. त्याच्यावर विश्वास ठेवा, त्याचा पंजा बघा, आणि बाकी ठीक असेल तर त्याला झोपवू नका, चालतं ठेवा.

जय हिंद.