‘काका मोरसला गेले’
१. मोरस म्हणजे मॉरिशस. तिथून मुंबईत येणाऱ्या पांढऱ्या साखरेलाही ‘मोरस साखर’ म्हणत. १८३४पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारावर जाऊ लागले. मुंबई बंदरातून चढलेल्यांत रत्नागिरीकडचेही होते. पोर्ट लुई इथे, आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात त्या धक्क्यावर, नोंद होऊन प्रत्येकाला क्रमांक मिळे. करार संपल्यावर अनेकांनी तिथेच संसार थाटला. बापाचे नुसते नाव पुष्कळदा मुलांचे आडनाव झाले. त्यामुळे इथल्या मूळ घराचे आडनाव तिकडच्या वंशजांत शोधून सहसा सापडत नाही. शोध घ्यायचा तर क्रमांकावरून. आडनावे अशी बदलली, तरी गणेशचतुर्थीला मात्र तिथे आजही सार्वजनिक सुट्टी असते. – संपा.